नग शून्य, दोष शून्य

गुणवंतराव सुभेदारांना कोणी साधं उत्तर दिलं की ते अस्वस्थ होत. जबलपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी तपासनीस म्हणून काढली होती, आणि साधं उत्तर देणारा माणूस काहीतरी लपवून राहिला आहे, अशी त्यांची तिथे खात्री झाली होती. त्यामुळे सुमेधाबाई जेव्हा म्हणाल्या, "अहो, एका पेनड्राइव्हवर कॉपी काढा आणि कपाटात ठेवून द्या, झालं," तेव्हा खरं तर प्रश्न सुटला होता. पण इतक्या लवकर सुटलेला प्रश्न गुणवंतरावांना प्रश्न वाटतच नसे.

प्रश्न होता सुमेधाबाईंच्या म्हाताऱ्यांचा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई एक छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र पर्समध्ये घालून गावभर हिंडत होत्या. जबलपुरातल्या मराठी घरांतल्या जुन्या बायकांना गाठायचं, समोर यंत्र ठेवायचं आणि एखादा पदार्थ कसा करायचा ते त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यायचं, हा त्यांचा छंद. कोणी सांबारवडी सांगे, कोणी भरड्याचे वडे. सांगता सांगता सुनेची तक्रार येई, मागे कुकरची शिट्टी वाजे, तीही यंत्रात जाई. अकरा वर्षांत अशा त्र्याऐंशी जणी झाल्या. त्यातल्या निम्म्या आता हयात नव्हत्या. यंत्रात जागा कमी, म्हणून दर वेळी ते रिकामं करावं लागे, आणि हे सगळे आवाज राहत कुठे, तर सुभेदारांच्या देवघरातल्या एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये.

देवघरात अशासाठी, की इन्व्हर्टरची वायर तेवढीच पोचली होती. हे मशीन गुणवंतरावांनी एका संस्थेच्या लिलावातून आणलं होतं आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं. लिनक्स का, तर ते केलेल्या प्रत्येक कामाचा लेखी अहवाल देतं. गुणवंतरावांना अहवाल देणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

कपाटातल्या एका कॉपीवर हे प्रकरण मिटलंही असतं. पण एका सकाळी समोरच्या घरातले अच्युतराव पराडकर पडलेल्या चेहऱ्याने आले. अच्युतराव टेलिफोन खात्यातून निवृत्त, आणि तेव्हापासून पूर्ण वेळ सल्ला देण्याचं काम करत. त्यांच्या कॉम्प्युटरने रात्रीत मान टाकली होती, आणि नातवाच्या बारशापासूनचे सगळे फोटो गेले होते. दोन कप चहा पोटात गेल्यावर त्यांचं दुःख जरा ओसरलं आणि सल्ला वर आला.

"माझं सोड, गुणवंता. फोटो गेले तरी पोरगा आहे, उद्या परत काढू. पण वहिनींच्या म्हाताऱ्या गेल्या, तर तू कुठून आणणार?"

हे वाक्य गुणवंतरावांच्या जिव्हारी लागलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी कुठून तरी नऊ पानांची माहिती छापून आणली आणि लाल पेन्सिलीने खुणा करत वाचून काढली. त्यात लिहिलं होतं की शहाणा माणूस एका कॉपीवर विसंबत नाही. रोज एक, अशा सात दिवसांच्या सात कॉप्या हव्यात. आठव्या दिवशी पहिलीवर नवी कॉपी चढते आणि चक्र फिरत राहतं. शिवाय कॉप्या त्याच घरात ठेवायच्या नाहीत, कारण घराला आग लागली तर सगळंच जातं.

"आग कशाला लागेल?" सुमेधाबाईंनी विचारलं.

"लागेल असं मी म्हणून राहिलो नाही. लागली तर."

"माझा कपाटातला पेनड्राइव्ह कुठे आहे?"

"तो आता सोमवार आहे," गुणवंतराव म्हणाले. आणखी सहा पेनड्राइव्ह आणून त्यांनी त्यांवर मंगळवार ते रविवार अशा चिठ्ठ्या डकवल्या होत्या.

मग तीन आठवडे त्यांनी चौदा ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला लिहून ठेवलेला हुकूम. मशीनमध्ये क्रॉन नावाचा एक नोकर असतो, त्याला वेळ सांगून ठेवली की तो ती चुकवत नाही, विसरत नाही आणि उलट बोलत नाही. असा नोकर आयुष्यात पहिल्यांदाच मिळाल्यामुळे गुणवंतराव हरखून गेले. रोज दुपारी चार वाजता त्या वाराच्या पेनड्राइव्हवर मूळ फोल्डरची हुबेहूब कॉपी व्हायची. हुबेहूब म्हणजे मूळ जागी जे आहे तेवढंच ड्राइव्हवर, आणि मूळ जागी जे नाही ते ड्राइव्हवरूनही काढून टाकायचं. जुना कचरा साठू नये म्हणून ही सोय पान सातवर होती, आणि गुणवंतरावांना ती सगळ्यात जास्त आवडली.

शेवटी अहवाल निघे. त्याचा नमुना त्यांनी कारखान्याच्या पद्धतीने बनवला होता: नग किती, दोष किती, खाली तपासनिसाची सही. हे सगळं आपोआप होणार होतं, तरी पावणेचारला ते देवघरात खुर्ची टाकून बसत.

"आपोआप होतं ना? मग तुम्ही का बसता?" सुमेधाबाईंनी एकदा विचारलं.

"आपोआप होतंय की नाही हे कोणीतरी बघायला नको?" गुणवंतराव म्हणाले.

आता सात घरं हवी होती. आवाजांचा कार्यक्रम राइट टाउनच्या मराठी मित्रमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात डिसेंबरातल्या एका रविवारी व्हायचा होता, म्हणून घरंही मंडळातलीच घ्यायची असं ठरलं, आणि मंडळ म्हटलं की अंबादास वैरागडे आले. अंबादास हे मंडळाचे सचिव. माणूस सज्जन, पण कागदाशिवाय त्यांना काही दिसत नसे. त्यांनी तीन प्रतींत अर्ज मागितला, सातही घरांची ना-हरकत मागितली, आणि अर्जाला गुणवंतरावांचे दोन फोटो लावायला सांगितले. फोटो कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "नियम हाय, सुभेदारजी. मीच बनवला." गुणवंतरावांना त्यांच्याविषयी एकदम आदर वाटला.

पण या कामात अंबादासांचा जीव अडकला होता तो वेगळ्या कारणाने. त्र्याऐंशी म्हाताऱ्यांत अठ्ठावन्नावा नंबर त्यांच्या आईचा होता. सत्यभामाबाई मूळच्या अमरावतीकडच्या. त्यांनी गोळाभात सांगितला होता आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. घरात त्यांचे फोटो पाच होते, पण आवाज कुठेच नव्हता. मेळाव्यात सगळ्यात आधी आईचा गोळाभात वाजवायचा, एवढीच अंबादासांची मागणी होती, आणि तीही त्यांनी लेखी दिली होती.

वार वाटायला बैठक झाली, तेव्हा गणपतीत आरतीच्या पाळ्या लावताना होतं तेच झालं. गुरुवार चौघांना हवा होता. सोमवार ज्यांना मिळाला त्यांनी उपास असतो म्हणून कुरकुर केली, आणि पेनड्राइव्ह खायचा नसतो हे त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. शनिवार कोणालाच नको होता. तेवढ्यात बैठकीसाठी स्वयंपाकघरात भजी तळणाऱ्या बेबीताईंची कोणाला तरी आठवण झाली. जो खोलीत नाही त्याच्या नावावर काम टाकायचं, या मंडळाच्या जुन्या रिवाजाने शनिवार बेबीताईंकडे गेला. त्या सुभेदारांच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहत.

दसऱ्याला उद्घाटन झालं. सातही ड्राइव्ह एकदम भरले, ताटात मांडले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि आपट्याच्या पानांबरोबर सात घरी पोचवले. अहवाल निघाला: नग त्र्याऐंशी, दोष शून्य. गुणवंतरावांनी सही केली आणि अच्युतरावांनी त्या सहीचा फोटो काढला.

रोज दुपारी त्या वाराचा ड्राइव्ह त्या घरून आणायचा आणि भरून परत पोचवायचा, असं ठरलं होतं. पहिल्याच शनिवारी दुपारी तीन वाजता गुणवंतराव वर गेले, तर बेबीताईंनी दारातच अडवलं.

"नेऊन राहिले तं न्या, भाऊजी. पण आज शनिवार हाय. घराबाहेर गेलं तं मंग परत नाही घेणार मी. शनिवारी लोखंड घरात येत नाही आमच्या."

"हे लोखंड नाही, बेबीताई. प्लास्टिक आहे."

"अन् हे टोक?"

टोक कशाचं आहे हे गुणवंतरावांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर मत देणारे ते नव्हते. ते खाली गेले, कारखान्यातलं जुनं चुंबक घेऊन वर आले आणि बेबीताईंच्या समक्ष टोकाला लावलं. चुंबक चटकन चिकटलं. तपासणीचा निकाल तपासनिसाच्या विरुद्ध गेला तर काय करायचं, याचा नियम कारखान्यात नव्हता.

"अच्छा," बेबीताई म्हणाल्या, "तुमच्याच चुंबकानं सांगितलं. उद्या न्या ना, रविवारी. काय बिघडते?"

तशी ही तोड चांगली होती. पण गुणवंतराव म्हणाले, "शनिवारचा ड्राइव्ह रविवारी भरला, तर तो शनिवारचा कसा?" ते रिकाम्या हाताने खाली आले, आणि रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं: शनिवार, गैरहजर.

पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्याही शनिवारी तेच. मशीन बिचारं चार वाजता ड्राइव्ह शोधे, मिळाला नाही म्हणून अहवाल देई, आणि तो कागद गुणवंतरावांच्या काळजाला घरं पाडी. पहिला मेमो त्यांनी बेबीताईंच्या दाराखालून सरकवला. दुसरा मंडळाच्या लेटरहेडवर दिला. तिसरा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, पोचपावतीसकट. पोस्टमन त्यांच्याच दारावरून वर गेला. "अगं, एक जिना चढून सांगायचं ते पोस्टाने?" असं अच्युतरावांच्या बायकोने सुमेधाबाईंना विचारलं, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या की मेमो पोचेपर्यंत दोन दिवस घर शांत होतं.

बेबीताईंच्या घरी रजिस्टर्ड पत्र येण्याची ही पहिलीच वेळ होती. मेमोत 'अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल' असं होतं. त्या दिवसापासून त्या जिन्यात गुणवंतरावांना पाहिलं की पदर सावरून भिंतीला लागत. गुणवंतरावांना वाटलं, चला, शिस्त लागली.

मेळावा दहा दिवसांवर आला, तेव्हा एका गुरुवारी गुणवंतरावांच्या डोक्यात वर्गवारीचा किडा वळवळला. त्र्याऐंशी आवाज एकाच फोल्डरमध्ये ढिगाने पडलेत, हे काही बरं नाही. आधी कप्पे करावेत आणि मग एकेक आवाज त्याच्या कप्प्यात ठेवावा. घराला रंग देताना आपण सामान अंगणात काढतो, तसं त्यांनी सगळे आवाज उचलून मशीनमधल्या तात्पुरत्या सामानाच्या खोलीत नेऊन ठेवले. या खोलीचं नाव टीएमपी. दोन-चार तासांचा तर प्रश्न होता.

पण कप्पे पाडायला अच्युतराव आले आणि पहिल्याच कप्प्यावर गाडी अडली. गोळाभात कुठे घालायचा? गुणवंतरावांच्या मते भातात. अच्युतरावांच्या मते गोळ्यांत, कारण भात काय कोणीही करतं, मेहनत गोळ्यांची असते. वड्याभाताला हाच नियम लावला, तर भाताच्या कप्प्यात साधा भात तेवढा उरत होता, आणि साधा भात कोणी म्हातारी सांगत नाही. हा वाद गुरुवारी मिटला नाही, शुक्रवारीही मिटला नाही. शुक्रवारी मध्येच वीज गेली. इन्व्हर्टरने सांभाळायला हवं होतं, पण त्याच्या बॅटरीत पाणी घालायची तारीख गुणवंतरावांनी ज्या तक्त्यात लिहिली होती, तो तक्ता भिंतीवर लावायचा राहिला होता. दहा मिनिटांनी वीज आली, मशीन आपोआप सुरू झालं, हिरवा दिवा लागला, आणि दोघं पुन्हा वड्याभाताकडे वळले, ते पुढचा आठवडाभर.

क्रॉन मात्र आपलं काम करत राहिला. रोज चार वाजता तो मूळ फोल्डरमध्ये डोकावे, तिथे काही नाही असं पाही, आणि हुबेहूब तसंच ड्राइव्हवर करून टाकी. गुरुवार, शुक्रवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. रोज अहवाल निघे: नग शून्य, दोष शून्य. गुणवंतरावांची नजर चौतीस वर्षं दोषाच्या रकान्यावर जायला शिकली होती. नग मोजायचं काम स्टोअरवाल्यांचं असे. दोष शून्य दिसला की त्यांचा हात आपोआप सही करी. वार्षिक अहवालात लिहायला म्हणून बुधवारी, सहा वार पुरे झाल्यावर, त्यांनी या सहा कागदांची एक फाइलही बांधली.

मेळाव्याच्या आदल्या शुक्रवारी सकाळी अंबादास आले. धुतलेला सदरा, कपाळाला गंध, हातात आईचा फोटो.

"सुभेदारजी, उद्या-परवा गर्दीत काही कळणार नाही. आज एक बार एकट्यानं ऐकून घेतो म्हटलं."

"बसा की. दोन मिनिटं," असं म्हणून गुणवंतरावांनी टीएमपी उघडलं.

आत काही नव्हतं.

त्यांनी बंद करून पुन्हा उघडलं. मग चष्मा पुसून पाहिलं. मग नऊ पानांच्या माहितीखाली अगदी बारीक अक्षरात जी टीप होती आणि जिला लाल खूण नव्हती, ती त्यांनी पहिल्यांदा वाचली. टीएमपी ही तात्पुरती खोली असून मशीन बंद होऊन सुरू झालं की कित्येक ठिकाणी ती आपोआप झाडून साफ होते.

"काय झालं?" अंबादासांनी विचारलं.

"काही नाही. याचसाठी तर आपण सात कॉप्या ठेवल्या," गुणवंतराव म्हणाले.

तासाभरात सहा घरांतून सहा ड्राइव्ह आले. कोणी रुमालात गुंडाळून आणला, कोणी पोथीच्या वेष्टनात. प्रत्येकाने मनापासून सांभाळला होता, आणि प्रत्येकात सारखंच काहीच नव्हतं. सहावा उघडल्यावर अच्युतराव म्हणाले, "सिस्टम मात्र पक्की आहे, यार. एकातही फरक नाही."

सुमेधाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी टेबलावरची फाइल उघडली, सहा कागद एकामागून एक पाहिले आणि सहाही ठिकाणच्या सह्यांवर बोट फिरवलं.

"अहो, इथे नग शून्य लिहिलंय."

"हो."

"सहा दिवस लिहिलंय."

"हो."

सुमेधाबाईंनी कपाट उघडलं, पेनड्राइव्ह ज्या जागी ठेवायचा म्हटलं होतं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि कपाट लावून घेतलं. चौतीस वर्षांत गुणवंतरावांनी लाखो नग नापास केले होते. आज पहिल्यांदा नापास होणं कसं असतं ते त्यांना कळलं.

अंबादास मात्र अजून फोटो धरूनच बसले होते. ते हळूच म्हणाले, "सुभेदारजी, रजिस्टरप्रमाणे घरं सात होती ना?"

गुणवंतराव जिना चढले. तीन मेमो पाठवलेल्या दारावर टकटक करताना त्यांनी पायातल्या चपला आधीच काढून ठेवल्या. बेबीताईंनी दार उघडलं आणि त्यांना पाहून हातच जोडले.

"भाऊजी, नाही हो माझ्याजवळ आता. ते कोर्टाचं पत्र आलं, तं मी घाबरली. असली वस्तू घरात काहून ठेवाची म्हटलं. माझी बहीण आली होती सिहोऱ्याहून, अंजनी, तिच्याजवळ देऊन टाकली. निळ्या डब्यात."

"पण त्यात... तुम्ही तो कोणाला भरू दिला नाही ना?"

"मी तं तो घराबाहेरच नाही काढला. तो अंजनीसंगं गेला तेवढाच."

गुणवंतरावांना त्या क्षणी बेबीताईंच्या पाया पडावंसं वाटलं. त्या वयाने लहान होत्या म्हणून राहिलं.

अंजनीताई शुक्रवारी एका लग्नाला गेल्या होत्या, शनिवारी सकाळी परतणार होत्या. त्यामुळे शनिवारी सकाळी गुणवंतराव आणि अच्युतराव स्कूटरवर सिहोऱ्याला निघाले. अच्युतराव मागे बसून रस्ता सांगत होते, जो सरळ होता. पनागरच्या अलीकडे चाक बसलं. पंक्चर काढणारा जेवायला गेलेला, त्याची वाट पाहताना अच्युतरावांनी त्याच्या बायकोला टेलिफोनचं बिल कमी कसं करावं ते सांगितलं आणि तिने बदल्यात दोन मुळे दिले. ते मुळे डिकीत मावले नाहीत, म्हणून उरलेला प्रवास अच्युतरावांनी ते हातात धरून केला. दुपारी एक वाजता दोघं धुळीने माखून अंजनीताईंच्या दारात उभे राहिले.

ड्राइव्ह देवघरात होता. बहिणीने जपून ठेव म्हटलेली कोर्टाची वस्तू म्हणून अंजनीताईंनी तो बाळकृष्णाशेजारी ठेवला होता आणि रोज फूल वाहत होत्या.

"लेखी द्या, भैया," त्या म्हणाल्या. "कोर्टाचं काम. उद्या कोणी विचारलं, कोणाला दिला, तं मी काय दाखवू?"

इतक्या दिवसांत गुणवंतरावांना पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांनी दोन प्रतींत पोचपावती लिहिली, तारीख घातली, सही केली, वर अच्युतरावांची साक्ष घेतली. मग टोकातलं कुंकू फुंकून काढून ड्राइव्ह शर्टाच्या खिशात घातला, वर रुमाल कोंबला, आणि परतीच्या वाटेवर एक हात सतत खिशावर ठेवला. एका हाताने स्कूटर चालवू नये, हा अच्युतरावांचा त्या दिवसातला एकमेव बरोबर सल्ला होता आणि तो कोणी ऐकला नाही.

पाच वाजता ते राइट टाउनात पोचले. फाटकाशी सगळे उभे होते. सुमेधाबाई, अंबादास, जिन्यात बेबीताई, सहा घरांतली माणसं. गुणवंतराव स्कूटरवरून उतरले, व्हरांड्याच्या पायऱ्या चढले, उंबऱ्यापाशी आले आणि थांबले.

"या ना आत," सुमेधाबाई म्हणाल्या.

गुणवंतराव जागचे हलले नाहीत. त्यांनी वर जिन्याकडे पाहिलं.

"आज शनिवार आहे," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही कधीपासून पाळायला लागलात?"

"आत्तापासून. ह्यांनी पाळलं म्हणून त्र्याऐंशी जणी वाचल्या. आता माझ्या हातून मोडून मी त्यात परत काही होऊ देणार नाही." त्यांच्या कपाळावर घाम होता. "चुंबक चिकटलं होतं, सुमेधा. मी स्वतः पाहिलंय."

त्यांना कोणी हसलं नाही, असं सांगायला आवडलं असतं, पण अच्युतरावांच्या दोन्ही हातांत मुळे होते, पोट धरायला हात नाही म्हणून ते भिंतीला टेकले. शेवटी बेबीताईंनीच तोड काढली.

"वस्तू आत येत नसन, तं मशीन बाहेर आणा. मशीन तं घरातलंच हाय."

मग देवघरातून मशीन निघालं. पडदा एकाने धरला, वायरी दुसऱ्याने, आणि खिडकीतून लांब बोर्ड ओढून सगळा संसार व्हरांड्यातल्या स्टुलावर मांडला. गुणवंतरावांनी ड्राइव्ह लावला. पडद्यावर यादी उमटली आणि ते मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन. अठ्ठावन्नावर आले तेव्हा सुमेधाबाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "पुढचं नंतर मोजा. आधी हे लावा."

खरखर झाली, मागे कुठे तरी नळ वाहत होता, आणि मग सत्यभामाबाई बोलायला लागल्या. "डायीचा भरडा घ्याचा. बारीक नाही, जाडाभरडा. त्याच्यात हिंग, तिखट, हयद, अन् कडकडीत तेल. कंजुषी कराची नाही. भात अर्धा शिजला का मंग गोये ठेवाचे, आधी नाही, आधी ठेवले तं फुटतेत." व्हरांड्यातल्या दोन-तीन बायकांनी माना डोलावल्या. अंबादास फोटो छातीशी धरून खाली पाहत होते. मग आवाज जरा लांब गेला, कोणाकडे तरी वळून बोलल्यासारखा. "अंबादासा, झाले काय रे फारमं भरून? भात निवून राहिला."

"आलो, आई," अंबादास म्हणाले, आणि खुर्चीवरून उठलेसुद्धा.

उठल्यावर त्यांना कळलं की आपण कुठे आहोत. ते तसेच उभे राहिले, आणि इतक्या वर्षांत कोणी न पाहिलेलं रडू त्यांना सगळ्यांसमोर आलं. बेबीताईंनी त्यांना पदराने वारा घातला, थंडीच्या दिवसांत, कारण दुसरं काय करावं ते त्यांनाही सुचलं नाही.

त्या संध्याकाळी पहिली कॉपी कपाटासाठी निघाली. ज्या ड्राइव्हवर निघाली तो शुक्रवारपासून घरातच असल्यामुळे त्याला शनिवारची बाधा नव्हती. सुमेधाबाईंनी त्यावरची सोमवारची चिठ्ठी सोलून काढली, तो साड्यांच्या घडीखाली ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. दुसऱ्या दिवशी मेळाव्यात लोकांनी गोळाभात तीनदा लावायला लावला. तो भातात जातो की गोळ्यांत, यावर मंडळाची उपसमिती नेमली आहे.

पण त्या आधी, शनिवारी सगळे पांगल्यावर, गुणवंतराव रजिस्टर घेऊन व्हरांड्यात बसले होते. शनिवारच्या सगळ्या लाल 'गैरहजर' नोंदी त्यांनी पट्टी लावून नीट खोडल्या. मग नवा कागद घेतला. नगाच्या रकान्यात पुन्हा दोनदा मोजून त्र्याऐंशी लिहिलं. दोषाच्या रकान्यात हात सवयीने शून्य काढायला गेला, आणि थांबला. त्यांनी तिथे एक लिहिलं. पुढे तपशील मागणारी जागा होती. तिथे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तपासनीस', आणि खाली सही केली.